रेसिडेंटच्या डोक्यावर नेमकं कोण उभं असतं?

भूलवाला_पंचवटी
काल इथे एका सरांनी लिहिलं की आजच्या रेसिडेंटना, म्हणजे एमडी-एमएस करणाऱ्या निवासी डॉक्टरांना, शिकायची आच नाही, डोक्यावर कोणी उभं राहिल्याशिवाय ते हलत नाहीत. तेव्हापासून डोकं फिरलंय. सर, उभं कोण असतं? पहिल्या वर्षी रात्री दोनला सिझेरियन आलं की मी, एक सिनियर आणि फोनवर 'मॅनेज कर' म्हणणारे साहेब. सकाळी मात्र तेच साहेब सगळ्यांसमोर सालटी काढणार. एक मॅडम होत्या, मी पाठीत भुलेचं इंजेक्शन देताना शेजारी उभ्या राहून फक्त 'सुई जरा वरच्या जागेत घे' म्हणायच्या. त्यांच्या ड्यूटीला मी सुट्टी सोडून गेलोय. डेसी आणि रायन हे मानसशास्त्रज्ञ हेच सांगतात: थोडी मुभा, जमतंय ही जाणीव आणि आपलं कोणीतरी सोबत, मग माणूस आपणहून राबतो.

निवृत्त_सर्जन
तो सर मीच. तुम्हाला मुभा हवी, पेशंटचं काय? 1984 सालची न्यूयॉर्कची लिबी झायन आठवा. अठरा वर्षांची पोरगी गेली, रात्री शिकाऊ डॉक्टरांच्या भरवशावर होती. आम्ही शिव्या खाल्ल्या, म्हणून हात तयार झाले.

भूलवाला_पंचवटी
तिथेही वरिष्ठ फोनवरच होते, सर. उदाहरण माझ्या बाजूचं दिलंत, आभार.

सेकंड_इयर_मेडिसिन
देखरेख म्हणजे आमच्याकडे लॉगबुक, केलेल्या कामाची नोंदवही. परीक्षा जवळ आली की वर्षभराच्या नोंदी एका रात्रीत, तीन रंगांच्या पेनांनी. गाइड पान न उघडता सही करतात.

सिडको_फिजिशियन
पान उघडायला वेळ कुठाय? ओपीडी, कॉलेजच्या इन्स्पेक्शनची कागदं, वर तुमचे थिसिस. शिकवायला माणसं भरा, मग बोला.

सेकंड_इयर_मेडिसिन
संध्याकाळी स्वतःच्या क्लिनिकला वेळ बरा मिळतो!

सिडको_फिजिशियन
तोंड सांभाळून. माझी सही नको असेल तर तसं सांग.

गंगापूररोड_पेडियाट्रिक्स
झालं का? आरोग्य विद्यापीठ आपल्या नाशकात, म्हसरूळला म्हणून लॉगबुकाचा निकाल इथेच लागणार वाटतं. मूळ मुद्दा तासांचा आहे. 1992 पासून कागदावर रेसिडेंटच्या ड्यूटीचे आठवड्याला 48 तास आहेत. पदव्युत्तर शिक्षणाच्या 2023 च्या नियमात त्याचे 'वाजवी तास' झाले. तीस तास जागलेल्याला आच कुठून येणार? डीआरपीच्या, म्हणजे रेसिडेंटना जिल्ह्याला पाठवतात त्या, तीन महिन्यांत जिल्हा रुग्णालयात होतो. तिथले सर म्हणायचे, 'आधी तुझं निदान लिही, मग मी बघतो.' चुकलं तर बाजूला नेऊन सांगायचे. तेवढ्या महिन्यांत मी रात्री पुस्तक उघडायचो.

पेठकर
मी डॉक्टर नाही. आईला घेऊन रात्रभर वॉर्डात होतो. एकच पोरगं साऱ्या खाटांना पुरत होतं. मोठा डॉक्टर उजाडल्यावर आला आणि त्या पोरालाच झापलं. तुमची आच ठेवा बाजूला, रात्री दोघं तरी ठेवा.

निवृत्त_सर्जन
बरं, फोनवरचे साहेब चुकले. पण शिस्त लागतेच, हे मी सोडणार नाही. एवढं मान्य केलं, त्याला सही लागत असेल तर आणा ते लॉगबुक.

सेकंड_इयर_मेडिसिन
तारीख मागची टाकू ना, सर?