बुक टेस्टसाठी लोकांनी आणलेलं कुठलंही मराठी पुस्तक चालेल का?

परळची_बाई

नमस्कार. मी परळला चाळीत राहते, मराठी शाळेत पाचवीला शिकवते. तीन वर्षं झाली, मेंटॅलिझमचा, म्हणजे मनातलं ओळखून दाखवायच्या जादूचा, नाद लागलाय. गणपतीत सत्यनारायणाच्या रात्री चाळ मला पंधरा मिनिटं देते आणि त्यात मी बुक टेस्ट करते: समोरच्याने पुस्तकातला शब्द मनात धरायचा, मी तो ओळखायचा.

आतापर्यंत १०८९ वर भागवलं. तीन अंकी संख्या धरा, उलटी करा, मोठीतून लहान वजा करा, येईल ते उलटं करून त्यातच मिळवा. पहिला आणि शेवटचा अंक वेगळा असला की उत्तर १०८९च. मग १०८ वं पान, ९ वा शब्द. तो मी घरूनच पाठ करून जाते. गेल्या वर्षी पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी ६२५ धरले. उलटे ५२६, वजाबाकी ९९. ती ०९९ अशी मांडली असती तर उलट ९९० होऊन सगळं जुळलं असतं. आजोबांनी ९९ चे उलटे ९९च केले, बेरीज आली १९८. मी म्हणाले, "पहिले तीन अंक म्हणजे पान." ते म्हणाले, "अगं, मग शब्द कुठून आणू?" साठ माणसं समोर. आपलंच गणित चुकलं म्हणून आजोबा इतके खजील झाले की मला रात्रभर झोप नाही.

यंदा गणित नको, कागद-पेन्सिल नको, आणि पुस्तकही माझं नको. लोकांनी आपापल्या घरून आणलेलं हवं. जमेल का?

आणखी एक. त्याच्या आदल्या वर्षी प्रयोग चोख झाला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या काकू मुलाची पत्रिका घेऊन दारात उभ्या. "तुला दिसतं ना, मग याच्या नोकरीचं बघ." खूप समजावलं, पटलं नाही. तुम्ही अशा वेळी काय करता?

गिरगावचा_मुद्रितशोधक

ताई, जमेल. मी ३१ वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली आणि आयुष्यात हा एकच प्रयोग मन लावून शिकलो, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

ही पद्धत डेव्हिड हॉय या अमेरिकन मेंटॅलिस्टच्या नावाने ओळखली जाते. दोन पुस्तकं मागून घ्या. एक प्रेक्षकाच्या हातात देता देता सहज चाळा, "कादंबरी दिसतेय, कुणाची हो ही?" असं काहीतरी बोलत. तेवढ्यात एका पानाचा आकडा आणि वरच्या ओळीतला एक शब्द डोक्यात घ्या. दुसरं पुस्तक तुमच्या हातात. त्याची पानं अंगठ्याखालून सोडत जा, कुणीतरी "थांबा" म्हणेल. थांबा, पान बघा आणि आकडा वाचून दाखवा. वाचायचा मात्र मघाचा लक्षात ठेवलेला. प्रेक्षक त्याच्या पुस्तकात ते पान उघडतो आणि शब्द तुमच्याकडे आधीच आहे.

कस लागतो तो पान निवडताना. पुस्तकात डावं पान सम आकड्याचं, उजवं विषम. नजर उजवीकडे आणि तोंडाने "चव्वेचाळीस", हे पुढच्या रांगेतला वाचणारा माणूस पकडणारच. सम आकडा असेल तर डावीकडे बघूनच वाचा. ४४ म्हणताना पुस्तक शेवटाजवळ उघडलेलं असेल तर तेही दिसतं, म्हणून सुरुवातीची पानं सावकाश सोडा, "थांबा" लवकर येतं. प्रकरण जिथे सुरू होतं त्या पानावर पृष्ठांक बरेचदा छापलेलाच नसतो, ते पान घेऊ नका. माथ्यावर पुस्तकाचं किंवा प्रकरणाचं नाव असतं आणि "पहिली ओळ" म्हटलं की माणूस तेच वाचतो. स्वच्छ सांगा, "वरचं नाव सोडा, मजकुराची पहिली ओळ." त्यातला पहिला शब्द मात्र मागू नका. तो "आणि", "होता", "म्हणून" असा निघतो, नाहीतर मागच्या पानावरून तुटून आलेला अर्धा. सगळ्यात लांब शब्द मनात धरायला सांगा. म्हणून चाळताना अशी ओळ शोधायची जिच्यातल्या लांब शब्दाला चित्र आहे. दोन-तीन पानं बघावी लागतात, तोवर बोलत राहायचं.

आता शब्द सांगायचा कसा. इंग्रजीत एकेक अक्षर सांगत जातात, मराठीत ते कोरडं वाटतं. आपल्या अक्षराला काना आहे, वेलांटी आहे, जोडाक्षर आहे, ते वापरा. माघी गणपतीला एका कॉलेजातल्या मुलीकडे पुस्तक होतं. मी तिला म्हटलं, "शब्द मनात म्हण. ओठ मिटून सुरू होतोय. लगेच काना. पुढे कुठेतरी 'ळ' आहे, पण एकटा नाही, जोडलेला." मग थांबलो. "तू आता अक्षरं बघत नाहीयेस. तुला पाणी दिसतंय. नदीचं नाही, नळाचं नाही. कौलांच्या कडेने खाली येतंय. पागोळ्या." ती हसून मान हलवणार, तेवढ्यात म्हणालो, "नुसत्या पागोळ्या नाहीत. पागोळ्यांखाली." मुलगी खुर्चीतून उठलीच. आधी चित्र, मग शब्द, सगळ्यात शेवटी प्रत्यय. अर्थ कुणी अंदाजानेही गाठेल, पण "खाली" अंदाजाने येत नाही हे लोकांना बरोब्बर कळतं.

फुटपाथवरची_पुस्तकं

सरावाला माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरून किंवा फाउंटनहून चार जुन्या कादंबऱ्या घ्या. एक सांभाळा: खूप हाताळलेल्या पुस्तकाची बांधणी मोडलेली असते, ते दर वेळी त्याच पानाशी उघडतं. तुमच्या हातातलं पुस्तक असं नको. आणि कुणी दिवाळी अंक आणला तर गोड बोलून बाजूला ठेवा. जाहिरातींच्या पानांवर आकडे नसतात, "४४ कुठाय?" यातच पाच मिनिटं जातात.

सातरस्त्याची_कार्यकर्ती

काकूंबद्दल मी सांगते. मी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं काम करते. शाळांत आम्ही बुवाबाजीतले चमत्कार आधी करून दाखवतो, मग कसे केले ते उलगडून सांगतो. तुम्ही गुपित उघडं करायची गरज नाही. पण "माझ्याकडे कसलीही शक्ती नाही, हा सराव आहे" हे वाक्य प्रयोगाच्या आधी म्हणा. टाळ्या पडल्यावर म्हटलं की लोकांना तो विनय वाटतो. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणं, लोकांना फसवणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तुमची करमणूक त्यात बसत नाही, पण काकू उद्या जिच्याकडे जातील ती बाई बसू शकते. म्हणून त्यांना नुसतं "नाही" म्हणून परत पाठवू नका. १०८९ त्यांनाच शिकवा. ते गणित आहे, गुपित नव्हे. आपल्या हाताने एकदा केलं की पुढच्या वेळी त्या वेगळ्या डोळ्यांनी बघतील.

परळची_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, रविवारी सासूबाईंवर तीनदा करून बघितलं. पहिल्यांदा सम-विषम चुकलं, त्यांनी लगेच पकडलं. तिसऱ्यांदा "उंबरठ्यापाशी" आला आणि त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. यंदा पुस्तक आजोबांच्याच हातात देणार आहे.

काल संध्याकाळी काकूंना बोलावून १०८९ शिकवलं. पत्रिकेचा विषय त्यांनी काढला नाही. रात्री गॅलरीतून त्यांचा आवाज आला, मुलाला बसवलं होतं. त्याने ८१७ धरले असावेत, कारण काकू म्हणत होत्या, "नव्व्याण्णव आले ना? मग पुढे शून्य लिही आधी."