क्लाउड चेंबरमध्ये नुसता पाऊस, रेषा एकही नाही. चुकतंय कुठे?

प्रयोगवही
टीवाय फिजिक्सचा प्रोजेक्ट आहे, ड्राय आइसवरचं (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडवरचं) डिफ्यूजन क्लाउड चेंबर, म्हणजे थंड अल्कोहोलच्या वाफेत अदृश्य कणांचा माग थेंबांच्या रेषेने दाखवणारं उपकरण. ३० × २० सेंमीची काचेची फिशटँक उलटी ठेवली आहे. आत वरच्या बाजूला फेल्ट आणि त्यावर ३० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाइल रिपेअरिंगवाले वापरतात ते. बाटलीवर टक्केवारी लिहिलेली नाही. खाली १ मिमीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, काळा स्प्रे मारलेला. त्याखाली थर्माकोलच्या खोक्यात ड्राय आइसचे मुठीएवढे तुकडे. उजेडासाठी वरून एलईडी पट्टी.

पंधरा-वीस मिनिटांत बारीक पाऊस दिसायला लागतो, पण रेषा एकही नाही. पत्र्याच्या कडांवर पांढरं दंव जमतं. जुलैच्या हवेमुळे होतंय का हे?

दुसरं असं की पुस्तकात समुद्रसपाटीला दर चौ. सेंमीला मिनिटाला एक म्युऑन (कॉस्मिक किरणांपासून हवेत तयार होणारा कण) असं दिलंय. म्हणजे ६०० चौ. सेंमीच्या तळावर मिनिटाला ६०० रेषा दिसायला हव्यात ना? त्या मोजून रिपोर्टमध्ये फ्लक्स (दर चौ. सेंमीला मिनिटाला किती कण) काढायचा विचार आहे.

उणे७८
हवेला दोष नंतर देऊ, आधी बाटली तपासा. आयसोप्रोपिल ९९ टक्क्यांचंच लागतं. ७० टक्क्यांच्यात पाणी इतकं असतं की थंड थरात अल्कोहोलची वाफ पुरेशी अतिसंपृक्त (कशावर तरी थेंब धरायच्या बेतात) होत नाही आणि पाणी पत्र्यावर गोठतं. बाटलीवर आकडा नसेल तर वजन करा. मेजरिंग सिलिंडरमध्ये बरोबर १०० मिली घ्या. आपल्या खोलीच्या तापमानाला शुद्ध असेल तर ७८ ग्रॅमच्या आसपास भरतं, ७० टक्के असेल तर ८७ च्या आसपास. एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. बाटली उघडी राहिली की ते हवेतलं पाणी ओढतं, हेही लक्षात असू द्या.

आता पत्रा. मुठीएवढ्या तुकड्यांवर तो तीन-चार ठिकाणीच टेकतो, बाकी सगळीकडे हवा. ड्राय आइस उणे ७८ अंशांचा असला तरी पत्रा तितका थंड होत नाही, आणि रेषा दिसायला तळ निदान उणे २५-३० अंशांच्या खाली हवा. तुकडे फडक्यात गुंडाळून हातोडीने भरड करा, सपाट पसरा आणि पत्रा दाबून बसवा. १ मिमीचा पत्रा वाकतो, ३ मिमीचा घ्या. सगळ्यात जास्त चेंबर्स इथेच फसतात, असं माझं मत.

वरून उजेड पडला की पत्राच चमकतो आणि थेंब दिसत नाहीत. टॉर्च बाजूने, अगदी तळाला धरून मारा, झोत खालच्या एक-दोन सेंमीतच राहू द्या. जिवंत थर तेवढाच असतो. काच-पत्र्याच्या फटीला खिडकीची फोमची पट्टी किंवा मुलांची क्ले लावा. तुमचं दंव तिथूनच येतंय. वरच्या काचेवर गरम पाण्याची पिशवी ठेवली की फेल्टमधून वाफ जास्त सुटते.

पहिली दहा मिनिटं पाऊस पडणारच, तो धुळीवर जमलेला असतो. धूळ खाली बसली की थर स्वच्छ होतो. तोवर झाकण उघडून बघायचा मोह आवरा.

वेल्डिंगरॉड
वरच्या यादीत एक भर. कॉस्मिक किरणांची वाट बघत बसण्याआधी खात्रीचा स्रोत आत ठेवा. लाल टोकाचा टिग वेल्डिंगचा टंगस्टन रॉड, त्यात साधारण २ टक्के किरणोत्सारी थोरियम ऑक्साइड असतं. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मागितला तर मिळेल. चेंबर नीट चालत असेल तर रॉडभोवती दोन-चार सेंमीच्या जाड, आखूड अल्फा रेषा फुटताना दिसतात. त्या दिसल्या आणि बाकी काही नाही, तर दोष उजेडाचा. त्याही नाहीत, तर तापमान किंवा अल्कोहोल. रॉड घासू नका, ग्राइंडरवर तर अजिबात नाही, धूळ पोटात जायला नको.

आणि अ‍ॅक्रिलिकचा डबा वापरायचा विचार आला तर सोडून द्या, आयसोप्रोपिलने त्याला तडे जातात. ड्राय आइस मिळत नाही म्हणून दोन पेल्टिअर (विजेवर एक बाजू थंड, दुसरी गरम होणाऱ्या चकत्या) एकावर एक लावणारेही आहेत. जमतं, पण खालच्या पेल्टिअरची गरम बाजू बर्फाच्या पाण्याने थंड ठेवावी लागते. मुंबईच्या हवेत नुसत्या पंख्यावर ते तग धरत नाही.

दमटहवा
खोलीत एसी लावून दारं-खिडक्या बंद करा, दंव निम्मं होईल.

उणे७८
@दमटहवा, हे नको. १ किलो ड्राय आइसचा खोलीच्या तापमानाला सुमारे ०.५४ घनमीटर वायू होतो. ३ किलोचा १.६. दहा बाय दहाच्या खोलीत जेमतेम २७ घनमीटर हवा असते, म्हणजे सगळा उडाला तर जवळपास ६ टक्के कार्बन डायऑक्साइड. ४ टक्क्यांनाच जिवाला धोका मानतात. शिवाय तो जड, खाली साठतो, आणि आपण टेबलाशी वाकून बघत असतो. एसी चालू असू दे, पण दार उघडं ठेवा. दंवाचा इलाज फटीत आहे, खोलीत नाही. ड्राय आइस घट्ट झाकणाच्या डब्यात कधी भरू नका, डबा फुटतो. तो गर्दीच्या लोकलमधून नेऊ नका, टॅक्सी करा आणि काचा खाली ठेवा.

कोइन्सिडन्स
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलं नाही, आणि खरी गफलत तिथेच आहे. ६०० हा आकडा तळातून आरपार जाणाऱ्यांचा. त्यातले बरेचसे उभे किंवा उभ्याच्या जवळचे येतात, कारण तीव्रता उभ्या दिशेशी होणाऱ्या कोनाच्या कोसाइन-वर्गाने साधारण घटते. उभा म्युऑन एक सेंमीच्या थरात एक सेंमीचाच माग सोडतो आणि वरून तो ठिपका दिसतो. डोळ्यात भरतात त्या तिरक्या, लांब रेषा, म्हणजे थोडे. त्यातही जलद इलेक्ट्रॉनची रेषा तशीच बारीक आणि सरळ. एखाद्या रेषेवर बोट ठेवून ‘हा म्युऑन’ म्हणता येत नाही. वळवळणारी असेल तर मंद इलेक्ट्रॉन, एवढं सांगता येतं. तेव्हा क्लाउड चेंबर बघायला ठेवा, फ्लक्स त्यातून काढू नका. पुस्तकातला आकडाही मध्य अक्षांशांचा आहे. आपण भूचुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ, त्यामुळे इथे थोडे कमीच.

मोजायचंच तर दोन गायगर नळ्या (आरपार जाणाऱ्या प्रत्येक कणाला विजेचा एक पल्स देणाऱ्या). एसबीएम-२० घ्या, १० सेंमी लांब, ४०० व्होल्टवर चालतात, अ‍ॅनोडला ५.१ मेगाओहमचा रेझिस्टर. एक वर, एक खाली, मध्ये ५ सेंमी अंतर आणि १ सेंमी शिशाचा तुकडा, म्हणजे मंद इलेक्ट्रॉन अडतील. दोन्हींचे पल्स १०० मायक्रोसेकंदांत आले तरच मोजा. एका नळीची मोजणी सेकंदाला एक धरली, तर निव्वळ योगायोगाने जुळणारे पल्स सेकंदाला २ × ०.०००१ × १ × १, म्हणजे दिवसाला सतराच्या आसपास. खरे म्युऑन या मांडणीत मिनिटाला साधारण एक. ४०० मोजले की त्रुटी √४००, म्हणजे २०, म्हणजे ५ टक्के, म्हणजे सात तासांचं काम. ६० अंशांना कलवलं की चौपट वेळ. ४०० व्होल्टचं सर्किट आयसोप्रोपिलच्या वाफेपासून लांब, दुसऱ्या टेबलावर.

याच नळ्या टॉवरच्या गच्चीवर आणि तळमजल्यावर लावा. १५ सेंमीचे वीस स्लॅब म्हणजे ३ मीटर काँक्रीट, दर चौ. सेंमीला सुमारे ७०० ग्रॅम. डोक्यावरच्या अख्ख्या हवेचे १०३३. म्युऑन तेवढ्यात १.४ जीईव्हीच्या (अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टच्या) आसपास ऊर्जा गमावतो, सरासरी ऊर्जा ४, तेव्हा मोजणी चांगलीच घटते पण थांबत नाही. मात्र नळ्या बाल्कनीत ठेवू नका, बाजूने येणारे घोळ करतात. म्युऑन टाळायलाच टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्थेची) मंडळी कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत २.३ किमी खाली गेली होती. १९६५ साली वातावरणातले न्यूट्रिनो (खडकातूनही सहज आरपार जाणारे कण) तिथे दिसले ते वरच्या खडकाने म्युऑन अडवल्यामुळे.

प्रयोगवही
१०० मिली = ८६ ग्रॅम.

उणे७८
म्हणजे ते ७० टक्क्यांच्या आसपासचंच. मग बाकी काही बदलायच्या आधी प्रिन्सेस स्ट्रीटवरून लॅब ग्रेडची ५०० मिलीची सीलबंद बाटली आणा. जुना फेल्ट पूर्ण वाळवून घ्या, नाहीतर त्यातलंच पाणी परत मिसळेल.