टीममधल्या लोकांना उत्तर माहीत असतं पण मीटिंगमध्ये बाहेरच येत नाही, काय करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जरा लांब लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

आमची सात जणांची सॉफ्टवेअर टीम आहे, मी लीड. मध्यंतरी एक बग आला, काही ग्राहकांच्या पेमेंटच्या नोंदी सिस्टीममध्ये दोनदा पडायला लागल्या. मीटिंग लावली, आमचा सगळ्यात अनुभवी डेव्हलपर पहिल्या दोन मिनिटांतच म्हणाला की डेटाबेसवर लोड येतोय म्हणून होतंय, मीही लगेच मान डोलावली, आणि मग पुढचा तासभर लोड कसा कमी करायचा एवढीच चर्चा. तीन आठवडे घातले त्यात. बग जागच्या जागी.

खरं कारण वेगळंच निघालं. नेटवर्क स्लो असलं की सर्व्हरचं उत्तर वेळेत येत नाही, मग मोबाईल ॲप तीच रिक्वेस्ट परत पाठवतं, पहिली तर पोचलेली असतेच, म्हणून दोन नोंदी. आणि मला झोप लागू देत नाहीये ती गोष्ट ही, की टेस्टिंग करणाऱ्या मुलीने स्लो नेटवर्कवरच हे होतं हे आधीच पाहिलेलं होतं, सपोर्टवाल्याला माहीत होतं की तक्रारी फक्त मोबाईलवाल्यांच्या आहेत, आणि नव्या मुलाला रिक्वेस्ट परत जाते ते कोडमध्ये दिसलं होतं. तिघंही त्याच मीटिंगमध्ये बसलेले! नंतर तिला एकटीला विचारलं तर म्हणाली, "सर, लोडचं ठरलंच होतं ना, मला वाटलं माझंच काहीतरी चुकत असेल."

मी दरवेळी शेवटी "कुणाला काही बोलायचंय का" विचारतो, सगळे गप्प. ब्रेनस्टॉर्मिंगही करून पाहिलं, तिथेही तेच दोघं-तिघं बोलतात. माणसं हुशार आहेत, एकमेकांशी भांडणं नाहीत. मग अडतंय कुठे? कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद १:
तुमचे तिघं आणि तीन तुकडे वाचून स्टॅसर आणि टायटस यांचा १९८५ चा प्रयोग आठवला. चार-चार जणांचे गट, तीन उमेदवारांतून एक निवडायचा. काही माहिती सगळ्यांना दिलेली आणि काही एकेकट्यालाच, म्हणजे सगळे तुकडे जोडले तरच सगळ्यात चांगला उमेदवार कोण ते कळणार. बहुतेक गटांनी तो निवडलाच नाही, कारण सगळ्यांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींवरच बोलणं फिरत राहिलं. त्यामुळे "काही बोलायचंय का" हा प्रश्नच बदला. प्रत्येकाला नाव घेऊन विचारा की तुझ्या जागेवरून तुला असं काय दिसतंय जे बाकीच्यांना दिसत नाही. मत नको, फक्त पाहिलेलं सांग. मत द्यायला लोक घाबरतात, पाहिलेलं सांगायला त्यामानाने कमी.

प्रतिसाद २:
+१. आणि ब्रेनस्टॉर्मिंगचं म्हणाल तर एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं, थांबता थांबता आपला मुद्दा विसरतो किंवा आता काय सांगायचं म्हणून सोडून देतो. डील आणि श्ट्रोबे यांनी १९८७ मध्ये हे तपासलं होतं, तेवढेच लोक एकेकटे बसून लिहितात तेव्हा कल्पना जास्त निघतात. आधी दहा मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून लिहायचं, मग वाचायचं, सगळ्यात ज्युनियर आधी. तुम्ही शेवटी. तुमची ती मान डोलावणं फार महागात पडलंय असं मला स्पष्ट वाटतं, राग मानू नका.

प्रतिसाद ३:
पद्धती ठीक आहेत, पण शंका काढणाऱ्याचं पुढे काय होतं ते आधी बघा. चॅलेंजर यान उडायच्या आदल्या रात्री, २७ जानेवारी १९८६ ला, बूस्टर बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनियर थंडीत रबरी रिंगा नीट सील करणार नाहीत म्हणून उड्डाण नको सांगत होते. तिथे लोक बोलले होते! त्यांच्याच मॅनेजमेंटने निर्णय फिरवला आणि दुसऱ्या दिवशी सात जण गेले. आमच्याकडेही एकाने डेडलाईनच्या तोंडावर शंका काढली तर त्याला निगेटिव्ह ठरवलं, त्यानंतर वर्षभर कुणी तोंड उघडलं नाही. तुमच्या टीममध्ये आधी असं काही घडलंय का? आठवून बघा.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद ३, हो, घडलंय. काही महिन्यांपूर्वी याच मुलीने एक रिलीज थांबवा म्हटलं होतं आणि मी सगळ्यांसमोर "आता नको" म्हणून तिला थांबवलं होतं, मी विसरलो, ती विसरली नसणार. काल तिच्याशी बोललो, माफी मागितली.

आज लिहून घ्यायचा प्रकार केला. एक छोटा बग होता, सात कागदांवर चार वेगवेगळी कारणं आली, आणि त्यातली दोन तर लगेच तपासून बाद करता आली, एरवी त्यातल्याच एकावर आठवडा गेला असता. पण अनुभवी डेव्हलपर नाराज दिसला, नंतर म्हणाला की माझ्यावर विश्वास उरला नाही का. त्याचं ज्ञान खरंच मोठं आहे आणि बहुतेक वेळा तोच बरोबर असतो, त्याला दुखवायचं नाहीये. त्याला हे कसं समजावू? त्याच्या जागी असलेल्या कुणी लिहिलं तर फार बरं होईल.