घडीचे वर्कबेंच घेताना वजनक्षमतेचा आकडा किती महत्त्वाचा?

प्रश्न

नमस्कार. फळ्या कापणे, दाराच्या कडेला रंधा मारणे, छिद्रे पाडणे, क्वचित एखादी लोखंडी पट्टी कानशीने घासणे अशी घरातली किरकोळ कामे मी आजवर जमिनीवर बसून किंवा स्टुलाच्या आधाराने करत आलो आहे. कामासाठी वेगळी खोली नसल्यामुळे काम संपल्यावर घडी करून भिंतीला टेकवून ठेवता येईल असे वर्कबेंच घेण्याचा विचार आहे. माहितीपत्रकांत वजनक्षमतेचा आकडा सर्वांत ठळक छापलेला असतो. निवड त्यावरून करावी का? शिवाय दोन लाकडी जबड्यांचे, म्हणजे मधल्या फटीत लाकूड आवळून धरणाऱ्या दोन फळ्यांचे, बेंच आणि सपाट प्लास्टिकचे घडीचे टेबल यांपैकी कोणते उपयोगी पडेल?

प्रतिसाद १

तो आकडा खोटा नसतो, पण बेंच सरळ खाली येणारा भार किती पेलेल एवढेच तो सांगतो. करवत किंवा रंधा चालवताना जोर आडवा लागतो आणि तिथे पायांचा फाकाव, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या आणि सांध्यांचा घट्टपणा यांचीच कसोटी लागते. दुकानात बेंच पूर्ण उघडून मागावे, कडेवर तळहात ठेवून आधी लांबीच्या दिशेने आणि मग रुंदीच्या दिशेने जोराने ढकलून पाहावे. पाय जागचे न हलता वरचा भाग डुलत असेल, तर छापील क्षमता कितीही असो, ते बेंच घेऊ नये. सांधे रिव्हेटचे असतील तर पुढे आलेली ढिलाई काढता येत नाही. नट-बोल्ट असतील तर पाना फिरवून ती घालवता येते.

हलके बेंच उचलायला सोपे, पण रंध्याखाली ते सरकतेही तितक्याच सहज. म्हणून खालच्या पट्टीवर पाय रोवून स्वतःचे वजन टाकता येते का, तेही पाहावे.

जबड्यांना दोन टोकांना दोन स्वतंत्र मुठी असाव्यात. एक टोक अधिक आवळून निमुळता तुकडाही पकडता येतो, हे साध्या टेबलाला जमत नाही. या घाटाचे बेंच रॉन हिकमन यांनी रचले; लोटस एलान ही मोटार घडवणारेही तेच. खुर्चीवर लाकूड ठेवून कापताना खुर्चीच कापली गेली आणि त्यातून त्यांना ही कल्पना सुचली. पुढे ब्लॅक अँड डेकरने १९७०च्या दशकात ते ‘वर्कमेट’ या नावाने घरोघरी पोहोचवले.

प्रतिसाद २

वरील मताशी बहुतांशी सहमत आहे, मात्र प्लास्टिकच्या टेबलाला सरसकट मोडीत काढू नये. जुळणी, रंगकाम किंवा ड्रिलचे काम अधिक असेल, तर ओलाव्याने न फुगणारा मोठा सपाट पृष्ठभाग सोयीचा पडतो. रंधा मारायचा असेल तर मात्र ते घेऊ नये.

उंचीचा विचार या चर्चेत राहून गेला आहे. हातकरवतीसाठी बेंच गुडघ्याच्या जरा वर असावे, म्हणजे फळीवर गुडघा दाबून ती धरता येते. रंध्यासाठी उभ्या माणसाच्या मनगटाइतकी उंची बरी, तर बारीक कामाला त्याहून अधिक लागते. पाय दुमडून दोन उंचींवर लावता येणारे बेंच म्हणूनच थोडे महाग पडले तरी घ्यावे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. जबड्यांचेच बेंच घेण्याकडे कल झाला आहे. पण पाहिलेल्या बेंचांचे जबडे दाबलेल्या भुशाच्या बोर्डाचे आहेत. ते टिकतात का? आणि लोखंडी पट्टी त्यांत पकडणे योग्य ठरेल का?

प्रतिसाद ३

कोरड्या जागी ते व्यवस्थित टिकतात. पाणी लागले की कडा फुगतात, म्हणून भोकांच्या आतल्या बाजूसह सर्वत्र वॉर्निशचे दोन हात द्यावेत. बांबूचे किंवा प्लायचे जबडे मिळाले तर उत्तमच. आवळण्याच्या मळसूत्रात भुसा साचतो. तो ब्रशने काढून थेंबभर तेल सोडत राहावे. ड्रिल करताना कामाखाली टाकाऊ प्लायचा तुकडा ठेवावा, नाहीतर थोड्याच दिवसांत बेंचाची चाळण होते.

लोखंड थेट जबड्यांत पकडू नये. धातूच्या कडेने लाकूड चेपते आणि नंतर पातळ फळी नीट धरली जात नाही. त्यासाठी लहान लोखंडी व्हाइस (धातू आवळून धरणारा शिकंजा) जाड प्लायच्या तुकड्यावर बोल्टने बसवावा, त्या तुकड्याच्या खालच्या बाजूने मधोमध एक लाकडी पट्टी स्क्रूने पक्की करावी आणि ती पट्टी जबड्यांत आवळावी. बोल्टची डोकी प्लायमध्ये बुडवून बसवा, म्हणजे तुकडा बेंचावर सपाट टेकतो.