जीएम नसलेली आंब्याची कलमं कशी ओळखायची?

शृंगारतळी
नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात वडिलांची तीस गुंठे वरकस जमीन आहे. ते गेल्यापासून तिथे नुसतं गवत वाढलंय. या पावसाळ्यात आई आणि मी मिळून आंब्याची पंचवीस झाडं लावणार आहोत. आईची एकच अट आहे, जनुकं बदललेलं, म्हणजे जीएम झाड दारात नको. मागच्या मे महिन्यात शेजाऱ्यांनी सिंधू आंबे दिले होते. खाऊन झाल्यावर हातात राहिली ती कोय पापडासारखी पातळ. "यात माणसानं काहीतरी घातलंय," आई म्हणाली, आणि तेव्हापासून ते तिच्या मनातून जात नाही. खरं सांगायचं तर माझ्याही.

परवा हायवेवरच्या एका नर्सरीत गेले. तिथे पाटीच होती, 'नॉन-जीएमओ हापूस'. साधं कलम २०० रुपये, पाटीखालचं ४५०. फरक काय विचारलं तर म्हणाले, "ताई, हे ओरिजिनल, बाकीचं हायब्रीड." मला दोन्ही पिशव्यांतली झाडं सारखीच दिसली. पंचवीस झाडांना सव्वासहा हजार रुपये जास्त जातील. आईच्या पेन्शनीतून खर्च करायचाय, म्हणून विचारते. झाड बघून हे ओळखता येतं का? खात्रीची कलमं कशी घ्यायची?

चिपळूणकर_६२
कलमाच्या भानगडीतच पडू नका. चांगल्या रायवळाच्या कोयी रुजवा. झाड उशिरा फळेल, पण पन्नास वर्षं उभं राहील. आमच्या आजोबांनी लावलेल्या बिटक्या आंब्याचं लोणचं अजून घरात असतं.

कोयकलम
काका, रायवळ लावावाच, बांधावर चार तरी हवेत. पण ताईंना हापूस खायचा असेल तर कोय रुजवून तो मिळायचा नाही. हापुसाच्या कोयीतून येणारं झाड हापुसासारखंच असेल याची खात्री नसते. म्हणून पोर्तुगीजांनी गोव्यात कलमांची रीत रुजवली तेव्हापासून हापूस काडीवरूनच वाढत आलाय.

ताई, आधी ते सव्वासहा हजार वाचवा. भारतात कुठल्याही फळझाडाच्या जीएम वाणाला लागवडीची परवानगी मिळालेली नाही. आंबा नाही, काजू नाही, चिकू, पेरू, डाळिंब, काहीच नाही. परवानगीनं शेतकऱ्याच्या शेतात आलेलं जीएम पीक एकच, २००२ पासूनचा बीटी कापूस. बीटी वांग्याला फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्रानं स्थगिती दिली. तेव्हा त्या नर्सरीतलं दोनशेचं कलमही साडेचारशेच्याइतकंच नॉन-जीएमओ आहे.

आईंना सिंधूचं नीट समजावून सांगा. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानं नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना काढला, १९८१ साली. मग रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून सिंधू, १९९२ मध्ये. संकर म्हणजे एका झाडाचे परागकण दुसऱ्याच्या फुलाला हातानं लावायचे. एरवी आंब्यावर हे काम माश्या करतात. मोहोरात फुलं हजारो असतात, पण फळ धरतं मोजकं. त्या फळाची कोय रुजवायची आणि रोप फळेपर्यंत वर्षानुवर्षं थांबायचं. अशा रोपांतून सगळ्यात उजवं निघेल ते ठेवायचं. पातळ कोय त्यातूनच आली. जीएममध्ये प्रयोगशाळेत पेशीतल्या जनुकांतच फेरफार करतात. ते इथे झालेलं नाही. कलम हा तर संकरही नव्हे, एका झाडाची काडी दुसऱ्याच्या मुळावर जगवलेली असते.

मी बावीस वर्षं कोय कलमं बांधतोय. रायवळाचं पंधरा-वीस दिवसांचं रोप, पानं अजून तांबूस असतानाच, वरून कापतो. मधे चीर देतो आणि हापुसाच्या काडीला पाचरीसारखा आकार देऊन त्यात बसवतो. वर प्लॅस्टिकची पट्टी. यात कुठेही औषध किंवा इंजेक्शन नाही.

फसवणूक होते ती वेगळ्या ठिकाणी. मी स्वतः एकदा बाहेरून चाळीस 'रत्ना' आणली. सहाव्या वर्षी फळ आलं तेव्हा त्यातली अकरा भलतीच निघाली. सहा वर्षांचं पाणी, शेण, राखण, सगळं त्यात गेलं होतं. अजून त्या अकरा झाडांकडे बघवत नाही. म्हणून जीएम आहे का हे विचारू नका, काडी कुठल्या झाडाची ते विचारा. नर्सरीत मातृवृक्ष असतील तर दाखवा म्हणा. फळरोपवाटिकेला परवाना लागतो, त्यासाठी राज्याचा १९६९ चा कायदा आहे. परवाना बघा आणि पावतीवर वाणाचं नाव लिहून घ्या. कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून मिळालं तर उत्तम, पण नोंदणी लवकर करा. जोड पक्का भरलेला हवा, फूट जोडाच्या वरून आलेली हवी. पिशवी जुनी असेल तर मुळं गोल गुंडाळलेली असतात, तसलं झाड पुढे मार खातं.

आणि पंचवीसच्या पंचवीस हापूस लावू नका. हापुसाला स्वतःचा पराग नीट चालत नाही. मधे दोन-तीन रत्ना किंवा केसर असू द्या.

हिलो_हवाई
कोयकलम यांचं म्हणणं भारतापुरतं बरोबर आहे. मी राहते तिथे चित्र वेगळं आहे, म्हणून लिहिते. हवाईत पपईच्या बागा रिंगस्पॉट विषाणूनं उद्ध्वस्त झाल्या होत्या. १९९८ पासून इथे 'रेनबो' नावाची जीएम पपई लावतात. आज बाजारात बहुतेक तीच असते. परागकण एका परसातून दुसऱ्या परसात जातात, म्हणून ज्यांना ती नको ते बी कुणाकडून घ्यायचं ते बघून घेतात. त्यामुळे हवाईतून कुणी पपईचं बी सामानात घालून आणलं तर ते लावू नका. भारतातली तैवान ७८६ पपई मात्र साधी संकरित आहे.

शृंगारतळी
सगळ्यांचे मनापासून आभार. आईला काल रात्री सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "काडी कुणाच्या झाडाची हेच विचारायचं असेल, तर माझ्या माहेरच्या झाडाची का नको?" वेळणेश्वरला मामाच्या परड्यात हापूस आहे. आईच्या लग्नाच्या आधीपासूनचा, अजून फळतो. त्याच्या काड्या चालतील का?

कोयकलम
चालतील म्हणजे काय, त्याहून खात्रीची काडी तुम्हाला मिळायची नाही. सलग दोन-तीन वर्षं चांगली फळं दिलीत ना, एवढं मामांना विचारून घ्या. आत्तापासून रायवळाच्या कोयी जमवा, साठ तरी, कारण काही रुजत नाहीत आणि काही कलमं मरतात. जूनमध्ये त्या रुजत घाला. तीन-चार महिन्यांच्या जुन्या, पेन्सिलीएवढ्या जाड काड्या निवडा. कापायच्या आठ-दहा दिवस आधी त्यांची पानं देठ ठेवून छाटायला सांगा, म्हणजे डोळे फुगतात. कापल्यावर ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच दिवशी आणा. बांधायला गावात कुणी नसेल तर इथे लिहा, जुलैत मी दोन दिवस गुहागरला आहे.