रीवायरिंगच्या आधी अ‍ॅस्बेस्टॉसचा सर्व्हे, मालकाकडचा जुना रिपोर्ट चालतो का?

वायरिंगवाला

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे, सांभाळून घ्या.

एका जुन्या तीन मजली ऑफिस बिल्डिंगचं रीवायरिंग मिळतंय, सोबत फॉल्स सीलिंग उतरवायचं आणि भिंतीत चर पाडून पाइप दाबायचे. मी फक्त इलेक्ट्रिकचा सब-कॉन्ट्रॅक्टर, पण माणसं माझी आहेत आणि त्यातली दोघं तर अजून शिकाऊ पोरं. मी मेन ठेकेदाराला विचारलं की अ‍ॅस्बेस्टॉसचा सर्व्हे झालाय का, तर त्याने मालकाकडून आलेली एक पीडीएफ पाठवून दिली आणि म्हणाला हे घे, सगळं क्लिअर आहे, उद्या सुरू कर.

रिपोर्ट काही वर्षांपूर्वीचा आहे. त्यात मागच्या शेडचे पत्रे अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे आहेत, स्थिती बरी आहे, हात लावू नका, अधूनमधून बघत राहा असं लिहिलंय. ऑफिसच्या भागापुढे नुसतं "आढळले नाही". आमचं काम सगळं ऑफिसातच, शेडशी संबंध नाही. म्हणजे कागदावर प्रश्न मिटला, पण सीलिंगच्या वर कोणी बघितलंय असं त्या रिपोर्टात कुठे दिसेना.

तर, हा रिपोर्ट पुरतो का? नसेल तर नवीन सर्व्हे कोणी करायचा आणि पैसे कोणाचे? आणि मी अडून बसलो तर काम जाणार हे दिसतंय, तेव्हा नेमकं काय बोलायचं तेही सांगा.

---

नमुनेवाला

सर्व्हेचीच कामं करतो म्हणून सांगतो. रिपोर्ट खोटा असेल असं नाही, पण तो तुमच्या कामासाठी केलेलाच नाही.

सर्व्हे दोन तऱ्हेचे असतात. एक बिल्डिंग रोजच्या वापरात असताना करायचा, ज्यात सर्व्हेवाला फिरतो, दिसेल ते बघतो, हाताला लागेल तिथला बारीकसा नमुना घेतो, तोडफोड जवळजवळ करत नाही. त्याचा उपयोग एवढाच की कुठे काय आहे ते मालकाला कळावं आणि त्याने त्यावर लक्ष ठेवावं. तुमची पीडीएफ वाचून तरी ती ह्यातलीच वाटतेय, "हात लावू नका, बघत राहा" ही भाषाच त्या सर्व्हेची. दुसरा सर्व्हे डागडुजी किंवा पाडकामाच्या आधीचा. तो तोडफोड करूनच होतो. सीलिंगच्या वर डोकं घालायचं, शाफ्ट, म्हणजे पाइप-केबलचे उभे मार्ग, उघडायचे, लादी उचलायची, पार्टिशन फोडून आत काय भरलंय ते बघायचं. त्यासाठी तो भाग रिकामा करून द्यावा लागतो, माणसं खुर्च्यांवर बसलेली असताना हे होत नाही, आणि म्हणूनच मालक टाळतात.

सर्व्हेवाल्याला कामाची यादी आणि ड्रॉइंग आधी द्या. बिल्डिंगमध्ये कुठेतरी अ‍ॅस्बेस्टॉस आहे का हे तुम्हाला जाणून घ्यायचं नाहीये, तुमचा ड्रिल जिथे घुसणार तिथे आहे का हे हवंय. चर कुठून कुठे जाणार, केबल ट्रे कशाला टांगणार, स्लॅबला भोक कुठे, हे माहीत नसेल तर तो बिचारा चुकीची भिंत फोडून जाईल.

आता तुमच्या पीडीएफचं शेवटचं पान उघडा. "प्रवेश मिळाला नाही" असलेल्या जागांची यादी असते. सीलिंगच्या वरचा भाग, लिफ्टचा शाफ्ट, चालू इलेक्ट्रिक पॅनल, बंद खोल्या, सगळं तिथे सापडेल. जिथे बघितलं नाही तिथे आहे असं समजूनच चालायचं, हा साधा नियम. ती यादीच नसेल तर रिपोर्टवर आणखी कमी विश्वास ठेवा.

आणि तुमच्या धंद्यात ते सापडतं कुठे तर सीलिंगच्या टाइल आणि इन्सुलेटिंग बोर्ड, गर्डरवर आगीपासून बचावासाठी फवारलेला फुसफुशीत थर, गरम पाण्याच्या पाइपवरचं लॅगिंग म्हणजे उष्णता टिकवणारं वेष्टण, मजल्यामजल्यांतून केबल जाते तिथलं पॅकिंग, जुन्या फ्यूज बोर्डाच्या आतलं अस्तर आणि मागची फळी, विनाइलच्या लाद्या आणि त्यांच्याखालचा काळा डांबरासारखा गम. पत्रा सगळ्यांना ओळखू येतो पण त्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे दोरे, म्हणजे बारीक तंतू, सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. बोर्ड, लॅगिंग आणि फवारलेला थर ही खरी भीतीची मंडळी, जरा धक्का लागला की धूळ सोडतात.

---

बापू ठेकेदार

सगळं बरोबर असेल हो, पण जमिनीवर काय चाललंय तेही बघा. टेंडरमध्ये ह्याचा एक पैसा धरलेला नसतो, तारीख ठरलेली असते, आणि हे सर्व्हेवाले येऊन आठवडा खातात. पत्रे कापत आमची हयात गेली, ग्राइंडर लावून कापलेत, कोणी खोकत खोकत मेलेला बघितला नाही. शिवाय पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस तेवढा वाईट नसतो असं ऐकलंय, निळा वाईट. उगाच पोरांना घाबरवून काय मिळणार? चांगले मास्क द्या आणि काम उरका.

---

खडूफळा

बापू, राग मानू नका पण "कोणी मेलेला बघितला नाही" ह्याचं कारण वेगळं आहे. मेसोथेलिओमा हा फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर साधारण २० ते ५० वर्षांनी वर येतो. तोवर माणूस साइट सोडून, कदाचित धंदाही सोडून गेलेला असतो, तुम्हाला कुठून दिसणार? डॉक्टरलासुद्धा जुनं काम विचारल्याशिवाय कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की कामावरच्या अ‍ॅस्बेस्टॉसमुळे जगात दर वर्षी २ लाखांहून जास्त माणसं जातात. एकट्या ब्रिटनमध्ये वर्षाला ५ हजारांच्या आसपास, आणि तिथे तर १९९९ पासून पांढऱ्यावरही बंदी आहे! म्हणजे आज मरतायत ते जुन्या धुळीने.

पांढरा बरा हेही चालत नाही. कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आयएआरसीने, सगळेच प्रकार पहिल्या गटात टाकलेत, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध. निळा आणि तपकिरी जास्त घातक हे खरं, पण इन्सुलेटिंग बोर्डात बहुतेक वेळा तपकिरीच सापडतो. आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्याला फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका दोन्ही मिळून कितीतरी वाढतो, साइटवर ओढणारे किती ते तुम्हीच सांगा.

कायद्याचं म्हणाल तर देशागणिक वेगळं आहे, म्हणून आपल्या जागचा नियम आधी बघा. ब्रिटनच्या २०१२ च्या नियमांत माणसं कामाला लावणाऱ्यानेच आधी शोधायचं, शोधल्याशिवाय ज्या कामात धूळ उडेल ते सुरू करायचं नाही, आणि खात्री नसेल तर आहे असं धरायचं. फ्रान्समध्ये उलट बाजूने, जो काम काढतो त्याने कामाआधी शोध घेऊन कागद ठेकेदाराच्या हातात द्यायचा. अमेरिकेत पाडकाम किंवा मोठ्या डागडुजीआधी मालकाला किंवा काम चालवणाऱ्याला तपासणी करावीच लागते. जपानमध्ये ऑक्टोबर २०२३ पासून बिल्डिंगची ही तपासणी पात्रता असलेल्या माणसानेच करायची. युरोपियन युनियनने तर २०२३ च्या निर्देशात हवेतल्या तंतूंची मर्यादाच १० पटीने खाली आणली.

म्हणजे पैसे कोणाचे ह्याचं उत्तर माझ्या मते असं की बिल्डिंग ज्याची, माहितीही त्याने द्यायची. सब-कॉन्ट्रॅक्टरच्या गळ्यात तो खर्च मारला की तो सगळ्यात स्वस्त सर्व्हे शोधणार किंवा करणारच नाही, दुसरं काय होणार.

---

सूक्ष्मदर्शी

लॅबमध्ये असतो, दोन-तीन गोष्टी जोडतो.

हवेचा नमुना घेऊन "सगळं ठीक" असा कागद कोणी दिला तर फसू नका. बोर्ड शांत बसलेला असताना हवा स्वच्छच येणार, त्याला करवत लागल्यावर काय होईल हे त्यातून कळत नाही. कामाआधी मालाचाच तुकडा तपासावा लागतो, ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली. हवेचे नमुने कामाच्या दरम्यान आणि काढून झाल्यावर जागा परत ताब्यात देताना लागतात.

विनाइलच्या लाद्यांत दोरे इतके बारीक असतात की साध्या तपासणीत सुटू शकतात, तिथे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप मागा. आणि एकाच खोलीतल्या एका टाइलवरून सगळ्या मजल्याचा निकाल लावू नका. मधे कधीतरी डागडुजी झाली असेल तर शेजारशेजारच्या दोन टाइल वेगवेगळ्या काळातल्या निघतात, दिसायला सारख्या.

मास्कवाल्यांसाठी, साधा कागदी मास्क काही कामाचा नाही. अगदी बारीक धूळ अडवणारा एफएफपी३ दर्जाचा मास्क किंवा पी३ फिल्टर लागतो आणि तोही चेहऱ्याला घट्ट बसला तरच, दाढीवर बसत नाही. तंतू डोळ्याला दिसतच नाहीत, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक.

---

निळी टोपी

मी पाडकामाच्या टोळीत मुकादम आहे. बापूंना काय बोलायचं ते वरच्यांनी बोलून घेतलं, मी वायरिंगवाल्या दादांना कामाचं सांगतो.

रिपोर्ट ऑफिसच्या फाइलीत राहतो आणि ड्रिल मारणाऱ्या पोराला काहीच माहीत नसतं, असं खूप ठिकाणी होतं. आमच्याकडे मजल्याचा नकाशा लाल खुणा करून जिन्याजवळ चिकटवतो आणि सकाळी काम वाटताना तोंडाने सांगतो, ही भिंत नाही, ते सीलिंग नाही. चाळीस पानी पीडीएफ कोण वाचणार.

आणि सर्व्हे झाला तरी मधेच काहीतरी निघतंच. पार्टिशनच्या आत करडा बोर्ड, पाइपला पांढरं प्लास्टरसारखं काही, असं दिसलं की हत्यार खाली ठेवायचं. झाडू अजिबात मारायचा नाही, कॉम्प्रेसरची हवा नाही, घरगुती व्हॅक्यूम तर नाहीच, तो धूळ मागून बाहेर फेकतो. सगळ्यांनी बाहेर यायचं, दार लावायचं, पाटी लावायची, वर कळवायचं. कपड्यांवर धूळ पडली असेल तर ओल्या फडक्याने टिपून कपडे तिथेच पिशवीत बांधायचे, घरी धुवायला न्यायचे नाहीत. नवऱ्याचे कपडे झटकून धुणाऱ्या बायकांना हा आजार झालाय, ही ऐकीव गोष्ट नाही, डॉक्टरांनी नोंदवलेली आहे.

थांबलेल्या वेळेची हजेरी द्या मात्र. नाहीतर पोरं बोर्ड दिसला तरी सांगणार नाहीत, गुपचूप फोडून मोकळी होतील.

---

वायरिंगवाला

सगळ्यांचे आभार, खरंच.

शेवटचं पान बघितलं. सीलिंगच्या वरचा पूर्ण भाग, दोन शाफ्ट आणि मेन पॅनल रूम, सगळं "प्रवेश मिळाला नाही" मध्ये आहे. तेच पान फोटो काढून मेलला लावलं आणि ठेकेदाराला लिहिलं की आमचं सगळं काम नेमकं ह्याच जागांमध्ये आहे, तेव्हा इथला सर्व्हे हातात आल्याशिवाय माणसं चढवणार नाही, आणि ड्रॉइंग मी सर्व्हेवाल्याला द्यायला तयार आहे. आधी फोनवर चिडला, मग मालकाशी बोलला. आता मजल्यामजल्याने रिकामं करून द्यायला मालक तयार आहे, म्हणजे पहिला मजला क्लिअर झाला की आम्ही तिथे सुरू करू आणि सर्व्हे दुसऱ्यावर जाईल.

एकच अडलंय. पॅनल रूम बंद करता येत नाही म्हणतात, सर्व्हर चालू असतात. आणि तुम्ही म्हणता ती मागची फळी तिथेच असणार.

---

नमुनेवाला

चालू पॅनलमध्ये कुठलाही सर्व्हेवाला हात घालणार नाही, घालूही नये. पॅनल बदलायचंय ना? मग कधीतरी सप्लाय बंद करावाच लागणार, ती तारीख आत्ताच ठरवा आणि सर्व्हेवाल्याला त्या दिवशी बोलवा. तुमचा माणूस सप्लाय तोडून लॉक लावेल, टेस्टरने खात्री करेल, मग तो फळीचा आणि फ्यूजच्या आतल्या अस्तराचा नमुना घेईल. लॅबला तातडीचं म्हणून आधी सांगून ठेवलं तर निकाल त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मिळू शकतो. तोवर त्या खोलीच्या दारावर "आहे असे समजावे" अशी पाटी आणि तुमच्या यादीतून ती खोली बाहेर. पहिल्या मजल्यावरून खोलीत जाणारी केबल असेल तर भिंतीच्या अलीकडेच गुंडाळून ठेवा, भोक नंतर पाडा.