इलेक्ट्रॉनांची 'ऑर्डर': क्रम, व्यवस्था की घडी?

निर्गुंडी
अतिसंवाहकांवरचा, म्हणजे पुरेसं थंड केलं की विजेला अजिबात रोध न करणाऱ्या पदार्थांवरचा, एक मोठा लेख मराठीत आणतेय. शून्य रोध, कूपर जोड्या (इलेक्ट्रॉनांच्या), माइस्नर परिणाम (चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलणं) इथपर्यंत सुरळीत चाललं होतं. तांब्याच्या ऑक्साइडांचा भाग लागला आणि दर वाक्याआड 'ऑर्डर' यायला लागली: चुंबकीय ऑर्डर, चार्ज ऑर्डर, नेमॅटिक ऑर्डर. अतिसंवाहकता हीसुद्धा म्हणे एक ऑर्डरच. शब्दकोश 'क्रम' सुचवतो, पण 'भार-क्रम' वाचून कुणालाही वाटेल की भारांना रांगेत उभं करून नंबर दिलेत. शिवाय या ऑर्डरी कधी एकमेकींशी 'स्पर्धा' करतात, कधी त्यांचं 'सहअस्तित्व' असतं आणि अलीकडच्या लेखनात त्या 'गुंतलेल्या' असतात. या एकाच गोष्टीच्या तीन छटा आहेत की तीन वेगळ्या गोष्टी? आणि 'अपारंपरिक अतिसंवाहक' चालेल का? तो शब्द दिसला की मला सौरचूल आठवते.

शेंडेफळ
'अपारंपरिक' राहू द्या. सौरचुलीने तो शब्द विकत घेतलेला नाही. इथे परंपरा म्हणजे १९५७ चा बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांचा सिद्धांत: स्फटिकजाळीची कंपनं मध्यस्थी करतात आणि इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात. जिथे मध्यस्थ दुसराच कुणीतरी आहे असं मानायला सबळ कारण आहे, ते अपारंपरिक. एकदा सुरुवातीला सांगून टाका, पुढे कुणी अडखळणार नाही.

'क्रम' मात्र नको, त्यात पहिला-दुसरा आलाच. 'सुव्यवस्था' म्हटलं की मागोमाग पोलीस येतात. 'विन्यास' कानाला बरा वाटतो, पण हिंदी पाठ्यपुस्तकांत तो इलेक्ट्रॉन संरूपणासाठी रुळलाय. दोन्हीकडचं वाचणाऱ्याचा घोळ होईल.

सावकाश
शब्द ठरवण्याआधी प्रत्यक्षात काय घडतं ते एका पदार्थात बघू. लॅन्थनम कॉपर ऑक्साइड घ्या. यातल्या तांब्याच्या प्रत्येक अणूवर एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना असतो. सुमारे ३२५ केल्विनच्या खाली या इलेक्ट्रॉनांचे स्पिन, म्हणजे प्रत्येकाची चुंबकासारखी दिशा, बुद्धिबळाच्या पटासारखे बसतात: एक वर, शेजारचा खाली. एका कोपऱ्यातला स्पिन कळला की लाखो अणूंपलीकडचा सांगता येतो. तापमान वाढवलं की जवळच्या शेजाऱ्यांत थोडाफार मेळ उरतो, पण लांबवरचा ताळमेळ जातो.

ही जी लांबवर टिकणारी आणि ठरावीक तापमानाला मोडणारी गोष्ट आहे, तिला मराठीत क्रियापदांसकट शब्द आहे: घडी. घडी बसते, घडी विस्कटते. राज्याची बसते, संसाराची बसते, मग स्पिनची का बसू नये? 'क्रम' बसतही नाही आणि विस्कटतही नाही.

शेंडेफळ
एकवचनात झकास. पण 'स्पर्धक घड्या' म्हटलं की कपड्यांचं कपाट उघडल्यासारखं वाटतं. शीर्षकात आणि अनेकवचनात 'व्यवस्था' ठेवा, मजकुरात घडी बसू द्या.

निर्गुंडी
हे पटलं. आता स्पर्धा. 'स्पर्धा' म्हटलं की बक्षीस समारंभ आठवतो. इथे नेमकं कोण कशासाठी भांडतंय?

सावकाश
इलेक्ट्रॉनांसाठीच. फर्मी पातळीजवळच्या, म्हणजे भरलेल्या ऊर्जास्थितींच्या वरच्या काठावरच्या, ज्या इलेक्ट्रॉनांना जोड्या जमवून अतिसंवाहक व्हायचं असतं, त्यांनाच भार-लहरीतही, म्हणजे भार ठरावीक अंतराने दाट-विरळ होतो त्या रचनेतही, बसायचं असतं. एका व्यवस्थेने तिथल्या ऊर्जास्थितींत फट पाडली की दुसरीला वापरायला कमी उरतात.

याचं मला आवडणारं उदाहरण २०१२ मधलं आहे. यट्रियम बेरियम कॉपर ऑक्साइडच्या स्फटिकावर क्ष-किरण सोडले. नमुना ६७ केल्विनला अतिसंवाहक होणारा. थंड करत आणलं तर सुमारे १३५ केल्विनपासून भार-लहरीची शिखरं दिसू लागली आणि तापमान उतरेल तशी वाढत गेली. ६७ केल्विन आलं आणि वाढ थांबली, उलट शिखरं बसू लागली. एवढ्यावर कुणी म्हणेल की योगायोग असेल. म्हणून १७ टेस्लापर्यंतचं चुंबकीय क्षेत्र लावलं. क्षेत्राने अतिसंवाहकता खच्ची होते, हे आधीपासून माहीत होतं. ती दबली तशी भार-लहर त्याच थंड तापमानात पुन्हा वर आली. क्ष-किरणांच्या आलेखावर अतिसंवाहकता थेट दिसत नाही, पण तिची कुरघोडी मात्र स्पष्ट दिसते.

इथे मी 'चढाओढ' लिहीन. दोघांपैकी कुणीही मैदान सोडत नाही, फक्त वर कोण ते तापमान आणि क्षेत्र ठरवतं.

निर्गुंडी
मग यालाच 'सहअस्तित्व' का नाही म्हणायचं? दोघी आहेत तर एकाच स्फटिकात.

सावकाश
खरी गोम इथे आहे. माझ्या मते 'सहअस्तित्व' हा या विषयातला सगळ्यात निसरडा शब्द आहे. त्यात निदान तीन परिस्थिती दडपून बसतात.

पहिली: स्फटिकाचा काही भाग चुंबकीय आणि काही भाग अतिसंवाहक. हा नुसता शेजार. दुसरी: जागा एकच, पण इलेक्ट्रॉन वेगळे. तिसरी: जागाही तीच आणि इलेक्ट्रॉनही तेच.

दुसऱ्या परिस्थितीचं उत्तम उदाहरण आपल्या मुंबईतून सुरू झालं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या गटाने यट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या मिश्रणात सुमारे १२ केल्विनची अतिसंवाहकता सापडल्याचं १९९४ मध्ये प्रसिद्ध केलं. निकेल असलेल्या पदार्थाकडून ही अपेक्षा कुणाची नव्हती. त्यातूनच बोरोकार्बाइडांचं घराणं पुढे आलं. त्यांच्यात यट्रियमऐवजी होल्मियम घातलं तर मजा बघा. सुमारे ८ केल्विनला रोध शून्य होतो. ५ केल्विनच्या आसपास होल्मियमचे स्पिन आपली घडी बसवायला लागतात, आणि त्या वेळी थोडंसं चुंबकीय क्षेत्र असेल तर रोध परत डोकं वर काढतो. आणखी थंड करा, स्पिनची प्रतिचुंबकीय

शेंडेफळ
मधेच तोडतो, पण 'प्रतिचुंबकीय' लिहू नका. शेजारी-शेजारी उलट स्पिन असतील तर 'प्रतिलोहचुंबकीय'. 'प्रतिचुंबकीय' हा बिस्मथ आणि पाण्याचा गुण, तो वेगळा.

सावकाश
बरोबर, प्रतिलोहचुंबकीयच. तर ती घडी नीट बसली की रोध पुन्हा नाहीसा. इथे चुंबकत्व होल्मियमच्या आतल्या कवचातल्या इलेक्ट्रॉनांचं आणि अतिसंवाहकता मुख्यतः निकेलच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची. म्हणून थोड्या धुसफुशीनंतर दोघी एकत्र नांदतात. याला 'नांदणं' म्हणायला माझी हरकत नाही.

तिसरी परिस्थिती लोहाधारित अतिसंवाहकांत सापडते. २००८ मध्ये टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या होसोनो यांच्या गटाने २६ केल्विनचा नमुना दाखवला आणि या घराण्याकडे सगळे धावले. बेरियम आयर्न आर्सेनाइडमध्ये थोडं कोबाल्ट मिसळा. आधी चुंबकीय घडी बसते, मग आणखी खाली अतिसंवाहकता येते, आणि ती येताक्षणी नमुन्यावर सोडलेल्या न्यूट्रॉनांना दिसणारं चुंबकीय शिखर उतरायला लागतं. म्हणजे वाटा एकाच ताटातला. एका जागी आहेत, पण एकमेकींना खात. 'नांदतात' हा शब्द इथे फार गोड होईल.

निर्गुंडी
पण शेजार आहे की एकाच जागी आहेत, हे ओळखतात कसं? न्यूट्रॉन तर अख्ख्या नमुन्याची सरासरी देत असणार.

सावकाश
देतात, आणि म्हणूनच नुसत्या न्यूट्रॉनांवर विसंबून चालत नाही. म्युऑन (नमुन्यात रोवायचे सूक्ष्म कण) किंवा अणुकेंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदन (अणुकेंद्रकांचा चुंबकीय प्रतिसाद मोजणं) लागतं. ती साधनं ज्या ठिकाणी असतात तिथलंच चुंबकत्व सांगतात, त्यामुळे नमुन्याचा किती हिस्सा चुंबकीय आहे ते कळतं. पोटॅशियम घातलेल्या बेरियम आयर्न आर्सेनाइडचंच बघा. सुरुवातीच्या नमुन्यांत म्युऑनांना चुंबकीय आणि बिनचुंबकीय असे वेगळे कप्पे दिसले. पुढे नमुने सुधारले आणि त्याच पदार्थात सबंध आकारमान चुंबकीय असून शिवाय अतिसंवाहकही आहे, असं निघालं. आधी 'शेजार' लिहिणाऱ्याने आणि नंतर 'एकाच जागी' लिहिणाऱ्याने आपापल्या नमुन्याचं खरंच सांगितलं होतं.

शेंडेफळ
राहिलं 'गुंतलेल्या'. मराठीत गुंता म्हटला की तो सोडवायचा असतो. मूळ अर्थ तसा आहे का?

सावकाश
नाही, उलटाच आहे. लॅन्थनम बेरियम कॉपर ऑक्साइडमध्ये आठ तांब्यांमागे एक इलेक्ट्रॉन कमी केला की अतिसंवाहकता कोसळते. आजूबाजूच्या प्रमाणांना ३० केल्विनच्या घरात असते, ती इथे ४-५ केल्विनवर येते. १९९५ मध्ये ब्रुकहेवनच्या ट्रँक्वाडा आणि सहकाऱ्यांनी नेऑडिमियम मिसळलेल्या जवळच्या पदार्थात न्यूट्रॉनांनी पट्टे दाखवले: भारांच्या ओळी आणि त्यांच्या मधल्या भागात प्रतिलोहचुंबकीय स्पिन. पट्टे हे अतिसंवाहकतेचे वैरी, असा निष्कर्ष सगळ्यांनी काढला. मीही तो वर्गात तसाच शिकलो.

मग २००७ मध्ये त्याच एक-अष्टमांश नमुन्याची मापनं बारकाईने झाली. तांबं-ऑक्सिजनच्या थरांतल्या थरांत रोध ४० केल्विनच्या सुमारासच धाडकन खाली येत होता, पण एका थरातून दुसऱ्या थरात जाताना मात्र नाही. म्हणजे प्रत्येक थरात जोड्या जमल्या होत्या, थरांची आपसात गाठ पडत नव्हती. त्यावर सुचवलेलं स्पष्टीकरण असं: जोड्यांची लहर पट्ट्यागणिक आपलं चिन्ह बदलते, अधिक-उणे-अधिक-उणे. पट्ट्यांची दिशा थरागणिक काटकोनात फिरते. त्यामुळे दोन थरांमधली जोडणी बेरजेत शून्य होते. हे मानलं तर पट्टे वैरी नाहीत. अतिसंवाहकताच पट्टेदार झाली आहे.

फ्रॅडकिन, किव्हलसन आणि ट्रँक्वाडा यांनी २०१५ च्या लेखात 'गुंतलेल्या' व्यवस्था म्हटलं, त्यामागे असा विचार आहे: या व्यवस्था एकाच मुळातून निघतात, कमी-अधिक एकाच तापमानाच्या पट्टीत उगवतात, त्यांना निव्वळ चढाओढीत बसवता येत नाही. म्हणून 'गुंफलेल्या' घ्या. गुंता आपोआप होतो, गुंफणीला वीण असते.

निर्गुंडी
'गुंफलेल्या' पक्कं. त्या पट्टेदार अतिसंवाहकतेला 'जोडी-घनता लहर' म्हणू? तरंग की लहर?

शेंडेफळ
पुस्तकी मराठीत 'तरंग' आहे, तोच घ्या. 'जोडी-घनता तरंग'. 'लहर' लिहिलंत तर ती कुणाच्या मनाला आली, असं संपादक विचारतील. आणि सावकाशराव वर तीन-चारदा 'भार-लहर' लिहून गेलेत, तेही 'भार-घनता तरंग' करा. नेमॅटिक मात्र तसंच ठेवा. लोह सेलेनाइडमध्ये ९० केल्विनला इलेक्ट्रॉन दोन सारख्या दिशांपैकी एक निवडतात आणि नेहमीच्या दाबाला चुंबकीय घडी बसतच नाही, एवढं एका वाक्यात सांगितलं की पुरे.

निर्गुंडी
एक वाक्य तपासून द्या: 'कोबाल्ट मिसळलेल्या बेरियम आयर्न आर्सेनाइडमध्ये चुंबकीय व्यवस्था आणि अतिसंवाहकता एकत्र नांदतात.'

सावकाश
'एकत्र नांदतात' काढा. 'एकाच जागी, त्याच इलेक्ट्रॉनांवर हक्क सांगत असतात' असं करा, आणि लगेच पुढच्या वाक्यात न्यूट्रॉनांचं उतरणारं शिखर आणा.